लोणा लागलेले नगर : मोहेंजोदडोच्या भिंती आणि दुरुस्तीची शंभर वर्षे

१.
इ.स. १९११-१२ च्या हिवाळ्यात पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळातील एक विद्वान अधिकारी सिंधमधील लारकाना जिल्ह्यात एका उजाड टेकाडापाशी आले. त्यांचे नाव देवदत्त रामकृष्ण भांडारकर. थोर प्राच्यविद्यापंडित सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे हे चिरंजीव. टेकाडावर विटांचा खच पडला होता. विटा पक्क्या भाजलेल्या, सरळ कडांच्या, एकसारख्या मापाच्या. भांडारकरांनी त्या पाहिल्या आणि निष्कर्ष नोंदवला की वीट अलीकडच्या घडणीची आहे, गाव जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे असावे.

२.
ते टेकाड म्हणजे मोहेंजोदडो. विटा होत्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. एवढ्या व्यासंगी पंडिताची गफलत व्हावी, इतक्या त्या धडधाकट दिसत होत्या. पुढे मात्र विपरीत घडले. मातीच्या पोटात चार सहस्रके शाबूत राहिलेल्या भिंती उघड्यावर आल्या आणि काही दशकांत त्यांचे पीठ होऊ लागले. त्या वाचवण्यासाठी जे जे केले गेले, त्यातील काही उपायांनी दुखणे वाढवलेच. जुनी विटांची भिंत कशी मरते आणि कशी वाचवावी, याचा हा इतिहास.

३.
भांडारकरांनंतर त्याच पश्चिम मंडळाचे अधीक्षक म्हणून राखालदास बॅनर्जी आले. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता आणि या मंडळाचे मुख्य कार्यालय पुण्यात. टेकाडाच्या माथ्यावरील बौद्ध स्तूप हे बॅनर्जींचे पहिले आकर्षण. १९२२-२३ मध्ये त्यांनी उत्खनन आरंभले आणि स्तूपाच्या आसपास त्याहून फार जुन्या वस्तीच्या खुणा हाती आल्या. हडप्प्यात सापडल्या होत्या तशाच मुद्रा इथेही निघाल्या. २० सप्टेंबर १९२४ रोजी सर जॉन मार्शल यांनी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधून या विस्मृत संस्कृतीची वार्ता जगाला दिली.

४.
१९२४-२५ च्या हंगामात उत्खननाची धुरा होती पंढरपुरात जन्मलेल्या काशिनाथ नारायण दीक्षित यांच्याकडे. नगराचा एक विस्तीर्ण भाग आजही नकाशावर ‘डीके’ म्हणून ओळखला जातो; ती अक्षरे दीक्षितांच्या नावावरून आलेली. पुढे हेच दीक्षित पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. पाठोपाठ मार्शल आणि अर्नेस्ट मॅके यांच्या मोहिमा झाल्या. अवघ्या दहाएक वर्षांत रस्ते, गल्ल्या, विहिरी, न्हाणीघरे, झाकलेली गटारे आणि पुरुषभर उंचीच्या शेकडो भिंती उजेडात आल्या.

५.
या भिंती मुळात बांधल्या कशा, हे आधी पाहायला हवे. विटेचे प्रमाण ठरलेले : जाडी एक, रुंदी दोन, लांबी चार. सामान्य घरांतील वीट साधारण ७ सेंटिमीटर जाड, १४ रुंद आणि २८ लांब. अशा मापाची वीट आडवी-उभी कशीही रचली तरी सांधे जुळतात आणि एका थरातील सांधा वरच्या थराने झाकला जातो. दोन विटांमध्ये बहुधा साधा मातीचा गारा असे. जिप्समचे मिश्रण निवडक ठिकाणी वापरलेले दिसते.

६.
अशा निवडक ठिकाणांपैकी प्रसिद्ध म्हणजे महास्नानगृह. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आसपास खोल असा हा हौद. पाणी झिरपू नये म्हणून इथे विटांचे सांधे जिप्समने भरले होते आणि विटांच्या भिंतीमागे डांबराचा थर दिला होता. म्हणजे अधिक टणक, अधिक चिवट जोडसामग्री त्या गवंड्यांना ठाऊक होती. तरीही घराच्या भिंतींसाठी त्यांनी मातीच पसंत केली. ही बाब ध्यानात ठेवावी. पुढे तिचे मोल कळेल.

७.
दुरुस्ती ही या नगराला नवी नव्हती. सिंधूच्या पुरांशी झुंजताना रहिवासी जोती उंचावत राहिले. जुनी भिंत मोडकळीला आली की तिच्याच माथ्यावर, तीच ओळ साधून नवी भिंत उभी राही. कित्येक विहिरींची कठडी वस्तीबरोबर वर चढत गेली; म्हणून उत्खननानंतर त्या विहिरी धुराड्यांसारख्या उंच उभ्या दिसतात. उतरत्या काळातील घरांत जुन्याच विटा काढून पुन्हा वापरल्या आहेत आणि ते काम ओबडधोबड आहे. भिंतींच्या डागडुजीतून त्या समाजाची चढती-पडती कळा वाचता येते.

८.
मग शत्रू कोण? मराठी घरांत त्याला फार जुने नाव आहे : लोणा. पावसाळ्यानंतर जुन्या वाड्याच्या भिंतीला जोत्यालगत पांढरी बुरशीसारखी पूड फुटते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, बोट लावताच वीट भुसभुशीत लागते. तोच लोणा मोहेंजोदडोत महाप्रचंड प्रमाणावर आहे. तिथली जमीनच खारी. उत्खननाच्या पहिल्या काही हंगामांतच खणणाऱ्यांच्या लक्षात आले होते की भिंत उघडी पडून वाळू लागली की तिच्यावर हिमासारखा पांढरा थर चढतो आणि विटेचा पृष्ठभाग सुटू लागतो.

९.
त्यामागचे शास्त्र असे. वीट वरून घट्ट दिसली तरी आतून असंख्य सूक्ष्म छिद्रांची बनलेली असते. दिव्याची वात तेल ओढते, तसे ही छिद्रे जमिनीतील पाणी वर ओढतात. पाण्यासोबत विरघळलेले क्षार चढतात. भिंतीच्या अंगाशी पाणी वाफ होऊन उडून जाते. क्षार मात्र उडत नाहीत. ते जागच्या जागी स्फटिकरूप धरतात. स्फटिक पृष्ठभागावर बसले तर केवळ पांढरी पूड दिसते. ते विटेच्या कातडीखाली, छिद्रांच्या आत वाढले तर वीट आतून फुटते.

१०.
मोहेंजोदडोच्या क्षारांत सोडियम सल्फेट मुख्य आहे आणि तो विशेष घातक. कोरडा असताना त्याच्या स्फटिकात पाणी नसते. गारवा आणि दमटपणा वाढला की एकेक रेणू पाण्याचे दहा रेणू सामावून घेतो आणि स्फटिकाचे आकारमान जवळजवळ चौपट होते. ऊन तापले की पाणी सुटते, रात्री पुन्हा शोषले जाते. सिंधचे हवामान या खेळाला अत्यंत अनुकूल. २६ मे २०१० रोजी इथे ५३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हिवाळी रात्री मात्र कडाक्याच्या थंडीच्या. प्रत्येक फेऱ्यात विटेचा एक पापुद्रा गळतो.

११.
मातीखाली हे का घडले नाही? कारण तिथे ऊन नव्हते, वारा नव्हता, वाफ होण्यास वाव नव्हता. क्षार होते, पण विरघळलेल्या स्थितीत निपचित पडून होते. उत्खननाने भिंतीला प्रकाश दिला आणि त्याच क्षणी बाष्पीभवनाचे चक्र सुरू केले. पुरातत्त्वज्ञाची कुदळ ज्ञान देते आणि त्याच घावात ज्ञानाच्या साधनाला जखमही करते, हे विदारक सत्य मोहेंजोदडोने फार लवकर दाखवून दिले.

१२.
त्यात आणखी एक भर पडली. १९३२ मध्ये सिंधूवर सक्करचे धरणद्वार खुले झाले आणि कालव्यांचे जाळे पसरले. ओसाड प्रदेश हिरवा झाला, आसमंतात भातशेती डोलू लागली. भात म्हणजे महिनोन्महिने साचलेले पाणी. भूजलाची पातळी चढत चढत अवशेषांच्या पायथ्याशी आली. १९५० मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पंप लावून नगराचा तळ गाठण्याचा यत्न केला. पाण्याने त्यांना हटवले. ज्या सिंचनाने लाखोंच्या ताटात अन्न वाढले, त्यानेच भिंतींच्या मुळाशी वात पेटती ठेवली. या पेचाला खलनायक नाही.

१३.
आता दुरुस्तीकडे वळू. मार्शल यांनी १९२३ मध्ये वास्तुसंवर्धनाची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. तिचे सूत्र स्पष्ट होते : जुन्या वास्तूचे अस्सलपण गेले की तिचे ऐतिहासिक मोल गेले, म्हणून पहिले कर्तव्य जतनाचे, नव्याने घडवण्याचे नव्हे. सूत्र निर्दोष होते. परंतु कोसळू पाहणाऱ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या अभियंत्याला तातडीने काहीतरी करावे लागते. विसाव्या शतकात त्याच्या हाताशी स्वस्त, झटपट आणि पोलादासारखा टणक वाटणारा पदार्थ होता : सिमेंट.

१४.
खचलेल्या तळाच्या विटा काढून नव्या बसवल्या गेल्या, सांध्यांच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या, माथ्यावर सिमेंटचे थर चढले. काम पक्के दिसले. पण सिमेंटचा गारा जुन्या विटेहून कठीण आणि कितीतरी कमी सच्छिद्र. पूर्वी भिंतीतील ओल मातीच्या सांध्यांतून बाहेर पडे. आता ती वाट बुजली. ओल विटेतूनच बाहेर येऊ लागली आणि क्षारही विटेतच साचू लागले. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे विद्राव्य क्षार असतात, त्यांची भर वेगळी. परिणाम भयंकर झाला. सांधा जाळीसारखा उभा राहतो आणि मधली वीट झिजून पोकळ होते.

१५.
इथे त्या प्राचीन गवंड्यांच्या पसंतीचा अर्थ उलगडतो. भिंतीत दोन घटक असतात : वीट आणि तिला जोडणारा गारा. झीज कोणाच्या तरी वाट्याला येणारच. गारा विटेपेक्षा मऊ असेल तर झीज गारा सोसतो. तो खरवडून पुन्हा भरता येतो. गारा विटेपेक्षा कठीण असेल तर झीज विटेला सोसावी लागते; आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीची वीट पुन्हा भाजता येत नाही. दुरुस्तीचा पदार्थ मूळ पदार्थाहून दुबळा असावा, हे वरकरणी उफराटे वाटणारे तत्त्व जुन्या भिंतींच्या संवर्धनाचा कणा आहे.

१६.
१९६४ मध्ये युनेस्कोच्या वतीने संवर्धनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड प्लेंडरलीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवशेषांची पाहणी केली. त्याच सुमारास, १९६४-६५ मध्ये, जॉर्ज डेल्स यांचे उत्खनन झाले. ते इथले अखेरचे मोठे उत्खनन ठरले. उघडे पडलेले जतन होत नसताना आणखी उघडे पाडणे योग्य नाही, ही जाणीव तोवर पक्की झाली होती. नगराचा फार मोठा भाग आजही मातीखाली आहे. त्याला तिथेच राहू देणे हाही संवर्धनाचाच एक प्रकार.

१७.
१९७४ मध्ये युनेस्कोने मोहेंजोदडो वाचवण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम पुकारली. ती १९९७ पर्यंत चालली. दरम्यान १९८० मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले. मोहिमेची अंगे तीन. पहिले, अवशेषांभोवती नलिकाकूप खोदून पंपांनी भूजल खाली खेचणे. दुसरे, सिंधूचा प्रवाह टेकाडाकडे सरकू नये म्हणून नदीकाठी बांध घालणे. तिसरे, प्रत्यक्ष भिंतींची दुरुस्ती. पहिल्या अंगाची मर्यादा उघड होती : पंप चालू तोवरच पाणी खाली, आणि खारे पाणी लोखंडालाही सोडत नाही.

१८.
भिंतींच्या बाबतीत एक उपाय तर्कशुद्ध भासला. जोत्यालगत भिंत आडवी कापून तिच्यात ओल अडवणारा थर घालायचा, म्हणजे खालचे पाणी वर चढणार नाही. अनेक ठिकाणी तसे थर घातले गेले. परंतु भिंतीच्या वरच्या भागात पूर्वीच मुरलेले क्षार तिथेच राहिले. पावसाचा शिडकावा, पहाटेचा दमटपणा एवढ्यानेही ते जागे होतात. शिवाय थर घालण्यासाठी मूळ विटांचे रद्दे काढावे लागतात, हे वेगळेच. रोग रक्तात भिनल्यावर दार बंद करून भागत नाही.

१९.
मग उरली माती. क्षारविरहित, म्हणजे स्थानिक बोलीत ‘गोड’ माती आणायची, ती पाण्यात कालवून भिंतीवर लेप द्यायचा. ओला लेप विटेतील क्षार विरघळवतो; लेप वाळू लागला की पाणी बाहेरच्या बाजूला येते आणि क्षार विटेऐवजी लेपात स्फटिक धरतात. काही काळाने खारावलेला लेप सुटतो, तो उचलून दूर टाकायचा आणि नवा द्यायचा. भिंतींचे माथे मातीच्या कच्च्या विटांनी व चिखलाच्या थराने झाकायचे, म्हणजे पावसाचा मारा त्या थरावर येतो. मूळ विटेच्या वाट्याचे मरण माती पत्करते.

२०.
स्वच्छतेचीही हीच शिस्त. लोणा दिसला की पाणी मारून धुऊन काढण्याचा मोह होतो. तसे केले तर क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात आणि वाळताना दुप्पट जोमाने बाहेर येतात. म्हणून आधी कोरडी पूड मऊ कुंचल्याने झाडून गोळा करायची आणि अवशेषांपासून लांब न्यायची. तिथेच टाकली तर पहिल्या पावसात ती भिंतीतच परतते. मग लेप. पोलादी ब्रश, आम्ल किंवा वाळूचा झोत यांना मज्जाव, कारण विटेची भाजलेली कातडी एकदा गेली की आतला मऊ गाभा उघडा पडतो.

२१.
या दुरुस्त्यांनी अभ्यासकांपुढे एक नवा प्रश्न उभा केला. जुन्या मापाच्या नव्या विटा बसवल्यावर कोणती भिंत मूळची आणि कोणती विसाव्या शतकातील, हे ओळखायचे कसे? जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने मायकेल यान्सेन यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पासून काही वर्षे या अवशेषांचे बारकाईने आलेखन केले. भिंती मोजल्या, छायाचित्रे घेतली, जुन्या उत्खननांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. नोंद न ठेवता केलेली दुरुस्ती भिंत वाचवते, पण तिची साक्ष पुसून टाकते.

२२.
मातीच्या उपायाला एक अट आहे : तो संपत नाही. सिमेंटचे काम एकदा केले की उद्घाटन उरकून सारे मोकळे होतात. लेप मात्र पुनःपुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी हात लागतात, सरावलेली नजर लागते, आणि तोच निधी दरवर्षी लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये सिंधवर अभूतपूर्व पाऊस कोसळला. जिथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे काही दिवसांत त्याच्या कित्येक पट पडला. लेप वाहून गेले, काही भिंती खचल्या. पाऊस ओसरताच कामगार पुन्हा चिखल कालवू लागले.

२३.
मोहेंजोदडोचा हा धडा महाराष्ट्राला परका नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी, तर वरचा विटांचा. पेठांतील जुने वाडेही वीट, लाकूड आणि चुन्याचे. घाणीत मळलेला चुना विटेहून मऊ असतो, भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि बारीक तडे काही अंशी स्वतःच बुजवतो. कारण पाण्यासोबत विरघळलेला चुना तड्यात पुन्हा घट्ट होतो. त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली की तो ओलीतही टिकतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते आणि लोणा गिलाव्याच्या वरच्या कडेशी डोके काढतो.

२४.
म्हणून लोणा लागलेल्या जुन्या भिंतीपुढे पहिला प्रश्न ‘काय लावावे’ हा नसावा. ओल कुठून येते, हे आधी शोधावे : फुटकी पन्हळ, तुंबलेले गटार, की जोत्याशी चढलेला रस्ता. तो मार्ग बंद करावा, भिंतीला वाळू द्यावे, आणि मगच खिळखिळ्या दरजा हाताने खरवडून चुन्याने भराव्यात. घाईने केलेले पक्के काम हा भिंतीचा मित्र नव्हे.

२५.
शेवटी पुन्हा भांडारकरांकडे. त्यांनी वीट पाहिली आणि ती जुनी नाही असे म्हटले. त्यांच्या चुकीवर हसणे सोपे आहे. पण त्यांच्यानंतर आलेल्यांनी ती वीट जुनी आहे हे जाणले, आणि तरीही तिच्या सांध्यांत तिच्याहून कठीण पदार्थ भरला. पहिल्या चुकीने नगर आणखी दहा वर्षे मातीखाली सुरक्षित राहिले. दुसरीची किंमत विटा आजही मोजत आहेत. हिवाळ्यात लारकान्याजवळच्या त्या गल्ल्यांतून आजही माणसे गोड मातीची घमेली वाहून नेतात. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याने विटांच्या मधोमध जे घातले होते, तेच आता विटांच्या अंगावर चढते आहे.